दोन तोळ्यांचा डॉलर : चांदीत परत आलेली जुनी कॅनडियन नाणी

नाणेघाट | शनिवार, रात्री ९:४०

टेबलावर आत्ता दोन नाणी शेजारी शेजारी ठेवली आहेत. एक १९३५ चं. कडा झिजलेली, रंग आजीच्या देवघरातल्या वाटीसारखा काळपट. दुसरं २०१० चं, गोल पारदर्शक डबीतलं, आरशासारखं लखलखीत. चित्र मात्र दोन्हींवर एकच आहे. बर्चच्या सालीची होडी, तीत एक व्हॉयेजर म्हणजे फरच्या व्यापारातला वल्हेकरी, आणि त्याच्यासोबत एक मूलनिवासी. दोघांच्या मध्ये कातड्यांची गाठोडी. मागे छोटंसं बेट, वाऱ्याने कललेली दोन झाडं, आणि आकाशात केसासारख्या बारीक उभ्या रेघा. त्या रेघा म्हणजे उत्तरेकडचे ध्रुवीय प्रकाश. भिंगाखाली धरलं तर एका गाठोड्यावर एच आणि बी ही दोन अक्षरं दिसतात, फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीची.

हे चित्र इमॅन्युएल हान यांचं. जर्मनीत जन्मलेले, टोरोंटोत वाढलेले शिल्पकार. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली म्हणून १९३५ मध्ये हा डॉलर निघाला, आणि व्यवहारात आलेला कॅनडाचा हा पहिला चांदीचा डॉलर. पंच्याहत्तर वर्षांनी, २०१० मध्ये, ओटावाच्या टांकसाळीने तोच व्हॉयेजर चांदीत पुन्हा काढला.

मी मूळचा जुन्नरचा, गेली चौदा वर्षं ओटावात. इथली टांकसाळ ससेक्स ड्राइव्हवर, दगडी किल्ल्यासारखी इमारत. २ जानेवारी १९०८ ला गव्हर्नर जनरल लॉर्ड ग्रे यांनी तिथे पहिलं नाणं पाडलं, पन्नास सेंटचं. तोवर कॅनडाची नाणी इंग्लंडातून बोटीने यायची. पहिल्यांदा ती इमारत आतून पाहिली त्या दिवसापासून मला हा नाद आहे. त्यातही खास ओढ एकाच गोष्टीची : टांकसाळीने स्वतःचीच जुनी चित्रं चांदीत परत काढलेली नाणी. १९९८ चा पाच नाण्यांचा संच, टांकसाळीच्या नव्वदीनिमित्त काढलेला, त्यावर १९०८ ची चित्रं आणि १९०८-१९९८ अशी जोडसालं. २००३ चा संच, राणीच्या राज्याभिषेकाला पन्नास वर्षं झाली तेव्हाचा. त्यात मेरी गिलिक यांनी घडवलेला तरुण राणीचा मुखवटा परत आला. आणि असे बरेच.

माझा नियम एक. मूळ नाणं हातात असल्याशिवाय त्याचं नवं रूप घ्यायचं नाही. मूळ कितीही झिजलेलं चालेल, भोक पाडून गळ्यात घातलेलंही चालेल. पण जोडी हवी. नवं नाणं मला सांगतं की कारागिराने मुळात काय काय कोरलं होतं, आणि जुनं सांगतं की ते किती हातांतून गेलं. एकटं नवं नाणं मला मुकं वाटतं.

इथे कोणी असं जमवतं का? भारतात बसून जमवणारं कोणी आहे का? लिहा. फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.

सोनचाफा | शनिवार, रात्री १०:१५

छान धागा. मी पुण्याची, नाण्यांतलं मला काही कळत नाही, पण एक शंका. जुन्या नाण्यासारखं नवं नाणं म्हणजे नक्कलच ना? जुन्या बाजारात शिवराईच्या नकला ढिगाने मिळतात. त्यांना कोणी संग्रह म्हणत नाही.

नाणेघाट | शनिवार, रात्री १०:३२

सोनचाफाताई, शंका रास्त आहे. जुन्या बाजारातली शिवराई कोणीही ओतलेली असते आणि जुनी म्हणून खपवली जाते. इथे नाणं पाडणारी टांकसाळ तीच आहे, कायद्याने चलन आहे, त्यावर डॉलरची किंमत लिहिलेली असते, आणि नवं साल ठळक असतं. शिवाय बहुतेक वेळा राजाच्या बाजूला त्या काळचा राजा नसून नवं नाणं निघालं तेव्हाची राणी असते (२०२३ पासून राजा चार्ल्स). १९९८ च्या संचात मागे एडवर्डच्या काळची चित्रं आणि पुढे एलिझाबेथ. कोणालाही फसवण्याचा हेतू नाही.

फसवणूक वेगळीकडे आहे. जुन्या, दुर्मीळ सालांची खोटी नाणी बाजारात येतात, ती चांदीची नसतातच. त्याबद्दल पुढे लिहीन.

तोळामासा | रविवार, सकाळी ७:०५

नमस्कार. जळगावचा आहे, घरचा सराफीचा धंदा. कॅनडाचं नाणं एकदाच हातात आलं होतं, मोडीत. आमच्या वडिलांनी काट्यावर टाकलं आणि म्हणाले, बरोबर दोन तोळे. तेव्हा मला वाटलं योगायोग असेल. नाणेघाट, तुमच्याकडचं वजन सांगता का?

नाणेघाट | रविवार, सकाळी ७:५०

तोळामासा, वाचून अंगावर काटा आला. इतकी वर्षं हे नाणं हाताळतोय, पण असा विचार केला नव्हता.

चांदीच्या डॉलरचं ठरलेलं वजन ३६० ग्रेन, म्हणजे २३.३ ग्रॅम. आपला तोळा १८० ग्रेन, ११.६६ ग्रॅम. आणि इंग्रजी अमलातला कलदार रुपया बरोबर एक तोळ्याचा. म्हणजे कॅनडाचा एक चांदीचा डॉलर वजनाला दोन कलदार रुपये.

तोळामासा | रविवार, सकाळी ८:२०

वजन सारखं, पण टंच, म्हणजे शंभरात शुद्ध चांदी किती ते, वेगळा. डॉलर ८० टंच. कलदार रुपया साडेएक्याण्णवच्या वर. म्हणजे डॉलरमध्ये निव्वळ चांदी साधारण १८.६६ ग्रॅम, आणि दोन रुपयांत २१.३८ ग्रॅम. मोडीला दोन रुपये आणले तर गिऱ्हाइकाला जास्त मिळणार.

आवाजातही फरक आहे. ऐंशी टंचाचा आवाज किंचित कोरडा येतो. कलदार बोटावर उडवला की लांब वाजत राहतो.

नाणेघाट | रविवार, सकाळी ८:४१

अगदी. १९१९ पर्यंतची कॅनडाची चांदी ९२.५ टंचाची होती. १९२० पासून ८०. १९६७ मध्ये चांदीचा भाव इतका चढला की दहा आणि पंचवीस सेंटची नाणी वर्षाच्या मध्यातच ५० टंचावर आणावी लागली, आणि १९६८ मध्ये रोजच्या व्यवहारातून चांदी गेलीच, निकेल आलं. संग्राहकांसाठी चांदीचा डॉलर १९७१ मध्ये परत सुरू झाला, तो ५० टंच. १९९२ पासून ९२.५. आता ९९.९९ सुद्धा. टांकसाळीने टंच वाढवला, आणि गंमत अशी की नाणं मऊ झालं. शुद्ध चांदीवर बोटाचा ठसासुद्धा बसतो. जुना ८० टंची डॉलर बाजारात, खिशात, गल्ल्यात आपटला तरी टिकायचा, तो त्यात मिसळलेल्या तांब्यामुळे.

मेपलच्या_देशात | रविवार, दुपारी २:१०

मी विनिपेगला असते. १९७६ पासून कॅनडाची रोजच्या वापराची नाणी आमच्या गावात पडतात, त्यामुळे या धाग्यात लिहायलाच हवं.

व्हॉयेजर डॉलरवरून गेला कसा, ते कोणी सांगितलं नाही अजून. एक डॉलरच्या नोटेऐवजी १९८७ मध्ये नाणं आणायचं ठरलं होतं. त्यावर व्हॉयेजरच राहणार होता. १९८६ च्या नोव्हेंबरात ओटावाहून विनिपेगला मुख्य ठसे कुरियरने पाठवले, आणि ते वाटेत गहाळ झाले. आजवर सापडलेले नाहीत. कोणी त्या ठशांवरून खोटी नाणी पाडू नयेत म्हणून चित्रच बदललं. रॉबर्ट-राल्फ कारमायकल यांनी काढलेला लून पक्षी आला, आणि लोकांनी त्या नाण्याचं नाव लूनी ठेवलं. दोन लोखंडी ठसे हरवले आणि एका देशाच्या बोलीत नवा शब्द आला.

माझ्याकडे जोडी आहे ती १९६७ ची. कॅनडाच्या शंभरीला चित्रकार अॅलेक्स कोल्व्हिल यांनी सगळ्या नाण्यांवर प्राणी-पक्षी काढले होते. एका सेंटवर पारवा, पाचवर ससा, दहावर मॅकरेल मासा, पंचवीसवर रानमांजर, पन्नासवर आभाळाकडे तोंड करून ओरडणारा लांडगा, आणि डॉलरवर पंख पसरलेला हंस. कॅनडा गूस. कोल्व्हिल दुसऱ्या महायुद्धात सैन्याचे चित्रकार होते. एवढं युद्ध पाहिलेल्या माणसाने राष्ट्राच्या वाढदिवसाला मुकुट, ढाल, तलवार असं काही न काढता ससा आणि पारवा काढला, याचं मला फार वाटतं.

शेजारच्या आजींनी मला १९६७ चा ससा दिला होता. त्यांनी तो पन्नास वर्षं शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये ठेवला होता. सशाचे कान झिजून गुळगुळीत झालेत. २०१७ मध्ये देशाला दीडशे वर्षं झाली तेव्हा टांकसाळीने कोल्व्हिलचे हे प्राणी चांदीत परत काढले. कोल्व्हिल २०१३ मध्येच गेले होते. माझी लेक २०१७ मध्येच जन्मली, म्हणून मी ते घेतले. आजींना नेऊन दाखवले. त्यांनी डबी उघडू दिली नाही, काचेवरूनच बोट फिरवलं, आणि म्हणाल्या, याचे कान असे होते होय!

सोनचाफा | रविवार, दुपारी ३:०२

कान वाचून डोळ्यांत पाणी आलं. आता कळलं जोडी कशाला हवी ते.

जुनी_वही | रविवार, संध्याकाळी ६:३०

मुंबई. मी नाण्यांवरची अक्षरं वाचते, चित्रांपेक्षा मला लेख जास्त आवडतात. कॅनडाच्या चांदीच्या नाण्यांत भारताचा एक मोठा धागा आहे, तो इथे यायलाच हवा. थोडं लांबेल.

पंचम जॉर्ज १९१० मध्ये गादीवर आला. १९११ च्या कॅनडाच्या नाण्यांवर लॅटिनमध्ये त्याचं नाव, राजा, आणि इंड इंप, म्हणजे भारताचा सम्राट, एवढंच होतं. देवाच्या कृपेने हे शब्द राहून गेले. कॅनडात ओरड झाली, लोक त्या नाण्यांना देवाविना नाणी म्हणू लागले, आणि १९१२ पासून ते शब्द परत घातले. त्याच १९११ मध्ये आपल्याकडे काय झालं? राजाच्या अंगावरच्या झग्यावर, साखळीतला हत्ती इतका बारीक कोरला की लोकांना तो डुक्कर वाटला. रुपया मागे घ्यावा लागला, आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट दिसेल असा ठसा केला. एकच राजा, एकच साल, दोन खंडांत लोकांनी नाणं डोळ्यांजवळ धरून नीट वाचलं आणि सरकारला ठसे बदलायला लावले.

आता त्याहून मोठी गोष्ट. षष्ठ जॉर्जच्या कॅनडियन नाण्यांवरही राजाच्या नावामागे ते एट इंड इंप होतं. १५ ऑगस्ट १९४७ ला आपण स्वतंत्र झालो. भारताचा सम्राट हे बिरुद नाण्यांवरून काढणं भाग होतं. नवे ठसे लंडनच्या टांकसाळीत बनायचे, आणि ते वेळेत ओटावाला पोचले नाहीत. १९४८ उजाडलं. बाजारात नाण्यांची मागणी, आणि जुन्या बिरुदावर नवं साल घालता येईना. तेव्हा ओटावाने १९४७ चेच ठसे वापरले आणि सालाशेजारी एक इवलंसं मेपलचं पान घातलं. पान दिसलं की समजायचं, हे नाणं १९४८ मध्ये पडलं आहे. पानवाले डॉलर २१,१३५. मग वर्षाच्या उत्तरार्धात नवे ठसे आले, सम्राट हा शब्द गेला, आणि १९४८ सालाचे खरे डॉलर पडले ते फक्त १८,७८०. आज व्हॉयेजर डॉलरचा संच पूर्ण करणारा प्रत्येक जण शेवटी याच एका सालापाशी अडतो.

मी हे नाणं एकदा पाहिलं आहे, एका प्रदर्शनात, काचेखाली. चित्राची बाजू सगळ्यांनी पाहिली. मी प्रदर्शनवाल्यांना विनंती करून राजाची बाजू वर करायला लावली. जिथे ती अक्षरं असायची तिथे आता फक्त देई ग्रासिया रेक्स, देवाच्या कृपेने राजा. तेवढ्यासाठी मी दोन तास रांगेत उभी होते, आणि पुन्हा राहीन.

नाणेघाट | रविवार, संध्याकाळी ७:१५

जुनी_वही, मी १९४७ चं पान शंभर वेळा पाहिलं असेल. कारण माहीत होतं, पण तुम्ही मांडलंत तसं कधी मनात उतरलं नव्हतं. म्हणजे ते पान आपल्या स्वातंत्र्याची खूण आहे.

नव्या काळात पुन्हा काढलेल्या नाण्यांबद्दल माझी एक तक्रार त्यामुळेच आहे. टांकसाळ चित्राची बाजू जीव ओतून करते, पण लेखाकडे तितकं लक्ष कोणी देत नाही. विकत घेणाराही देत नाही. माझ्या १९३५ च्या डॉलरवर राज्याचं पंचविसावं वर्ष हे लॅटिनमध्ये लिहिलं आहे, ते फक्त त्या एका सालापुरतं. पर्सी मेटकाफ यांचा तो मुखवटाही त्याच सालापुरता. १९३६ मध्ये दुसरा. आता प्रत्येक नाणं हातात घेताना आधी लेख वाचणार.

बेळगावी_दादा | रविवार, रात्री ९:००

सगळं वाचलं, आवडलं. पण पैशाचंही कोणी बोला की राव. मी दुबईला असताना टांकसाळीचं पाच औंसाचं मोठं चांदीचं नाणं घेतलं होतं, जुन्या चित्राचं, सोन्याचा मुलामा दिलेलं. विक्रेता म्हणाला, मर्यादित संख्या आहे, दुप्पट होईल. सहा वर्षांनी विकायला गेलो तर सगळीकडे वजनाचाच भाव. त्यात मुलाम्याचं कोणी विचारेना.

नाणेघाट | रविवार, रात्री ९:२५

दादा, हे मोकळेपणाने लिहिलंत ते फार बरं केलंत. हे सगळ्यांनी वाचावं.

माझं मत स्पष्ट आहे. नवं स्मारक नाणं गुंतवणूक म्हणून घेऊ नये. पहिल्या दिवशीच्या किमतीत चांदी किती, आणि डबी, प्रमाणपत्र, मुलामा, जाहिरात किती, हे वजन गुणिले भाव करून बघावं. बहुतेक नाणी दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या हाताच्या बाजारात पहिल्या किमतीपेक्षा स्वस्त मिळतात. मी जवळजवळ सगळी तशीच घेतली आहेत. आणि मर्यादित संख्या हा शब्द ऐकून घाई करू नये. १९४८ च्या डॉलरची संख्या कोणी आधी ठरवलेली नव्हती. परिस्थितीने ठरली.

मोठ्या आकाराचंही तसंच. हानचा व्हॉयेजर ३६ मिलिमीटरसाठी घडवलेला आहे. तो ताटलीएवढा केला की पाण्याच्या रेघा मोठ्या होतात, पण होडी पाण्यावर आहे असं वाटत नाही. हे माझं मत.

तोळामासा | रविवार, रात्री ९:४८

सराफ म्हणून सांगतो. मुलामा दिलेली चांदी विकायला आली की आम्हाला तो मुलामा काढण्याचा खर्च दिसतो. दागिना असो की नाणं.

सोनचाफा | सोमवार, सकाळी ११:२०

काल धागा वाचून आईला सांगत होते, तर तिने माझ्या मावशीची गोष्ट सांगितली. मावसभाऊ टोरोंटोला असतो. त्याने मावशीला टांकसाळीचं चांदीचं नाणं पाठवलं होतं, २०२१ चं, शिडाच्या जहाजाचं. मावशीने लक्ष्मीपूजनाला ते डबीतून काढलं, दुधा-पाण्याने धुतलं, हळदकुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने घासून लखलखीत केलं. मावसभावाने दिवाळीत पाहिलं आणि गप्पच झाला. मावशीला आजवर कळलेलं नाही की काय चुकलं. मी काय सांगू तिला?

नाणेघाट | सोमवार, दुपारी १२:०५

मावशींना काहीही सांगू नका. त्यांनी चांदीला लक्ष्मी मानलं, त्यात चूक काही नाही. फक्त पुढच्या वेळी डबीसकट पूजेला ठेवायला सांगा. कुंकू डबीवर वाहता येतं.

बाकीच्यांसाठी : आरशासारखं नाणं, ज्याला प्रूफ म्हणतात, त्याच्या सपाट भागावर बोटसुद्धा लावायचं नाही. धरायचं ते कडेनेच. टूथपेस्ट, चिंच, लिंबू, राख, रांगोळी, भांड्यांची पावडर, सगळं वर्ज्य. फडक्याने एकदा पुसलं तरी केसासारखे ओरखडे उठतात, ते कायमचे. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलं तर वर्षा-दोन वर्षांत हिरवट चिकट थर येतो. कोकणात आणि मुंबईत डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच.

आणि एक दोष असा की त्यात ठेवणाऱ्याचा काही हात नाही. टांकसाळीच्या शुद्ध चांदीच्या नाण्यांवर कधी कधी पांढरे ठिपके उठतात, दुधाचा शिंतोडा पडावा तसे. संग्राहक त्यांना दुधी डागच म्हणतात. २०१८ मध्ये टांकसाळीने मेपल लीफ या गुंतवणुकीच्या नाण्यावर त्यासाठी खास प्रक्रिया सुरू केली.

ते जहाज ब्लूनोज असणार. १९२१ मध्ये नोव्हा स्कोशियातल्या लुनेनबर्गला पाण्यात उतरलेलं मासेमारीचं शिडाचं जहाज, शर्यतीत भल्याभल्यांना हरवलेलं. १९३७ पासून दहा सेंटच्या नाण्यावर हानचंच जहाज आहे. पण ते ब्लूनोज आहे हे सरकारने अधिकृतपणे मान्य केलं २००२ मध्ये! खरं जहाज १९४६ मध्येच हैतीजवळ बुडालं होतं.

मेपलच्या_देशात | सोमवार, दुपारी १:४०

कडेनेच धरायचं, हे मी लेकीला बिस्किटावर शिकवलं. आता ती नाणं माझ्यापेक्षा नीट धरते.

तारवाला | सोमवार, रात्री ८:५५

पहिल्यांदाच लिहितोय. माझे आजोबा साताऱ्याला तार खात्यात होते. मला नाण्यांचं काही नाही, पण मोर्सचं, म्हणजे तारेच्या ठिपक्या-रेघांच्या लिपीचं आहे, आणि त्यातूनच मी या नाण्यांकडे आलो.

महायुद्धात निकेल शस्त्रांसाठी लागत होतं, म्हणून कॅनडाने पाच सेंटचं नाणं बदललं. १९४३ पासून त्यावर बीव्हर जाऊन व्ही अक्षर आणि मशाल आली. व्ही म्हणजे विजय. चित्र टांकसाळीचे मुख्य खोदकार थॉमस शिंगल्स यांचं, आणि मूळ ठसा त्यांनी पूर्ण हाताने कोरला. यंत्राने छोटा करण्याची सोय न वापरता, नाण्याच्याच आकारात, पोलादावर. कडेला लागून जिथे एरवी दाते असतात तिथे ठिपके आणि रेघा आहेत. लोकांना वाटलं नक्षी आहे. तो मोर्स आहे. मजकूर असा की आपण मनापासून काम करतो तेव्हा आपण जिंकतो. इंग्रजीत त्यातले सगळे शब्द डब्ल्यू ने सुरू होतात. त्यामुळे भिंगातून बघताना एक ठिपका, दोन रेघा, हा ठेका पुन्हा पुन्हा येतो. कट्, कडा कडा. आजोबा गेले १९९८ मध्ये. मी ते नाणं २०१३ मध्ये घेतलं, ज्या जुलैत आपल्याकडची तार बंद झाली त्याच महिन्यात. कडेवरून नखाने तो मजकूर वाचत गेलो आणि त्यांच्या बोटांचा टेबलावर पडणारा आवाज आठवला.

२०१५ मध्ये टांकसाळीने पाच सेंटच्या जुन्या चित्रांची शुद्ध चांदीची मालिका काढली, त्यात विजयाचं हे चित्रही आहे. ते मी घेतलं. नाणेघाट म्हणतात तशी जोडी झाली.

जुनी_वही | सोमवार, रात्री ९:१०

तारवाला, लिहीत राहा. कडेवरचा लेख वाचणारा माणूस भेटला, आजचा दिवस सार्थकी लागला.

बेळगावी_दादा | सोमवार, रात्री ९:३०

एक विचारू? ज्याचं मूळ नाणं कोणालाच मिळू शकत नाही, त्याचं काय? तिथे नाणेघाटांचा नियम कसा चालणार?

नाणेघाट | सोमवार, रात्री १०:२०

तिथेच माझा नियम मोडतो, आणि मी तो आनंदाने मोडला आहे.

१९१० च्या कायद्याने कॅनडाला डॉलरचं नाणं काढायची मुभा मिळाली. १९११ सालाचे ठसे बनले, नमुने पाडले, आणि सरकारने बेत रद्द केला. चांदीत दोनच नाणी उरली, आणि शिशाचा एक नमुना पुढे ओटावात सापडला. बस्स. चांदीच्या दोनांपैकी एक ब्रिटनच्या टांकसाळीच्या संग्रहात आहे. दुसरं खासगी हातांत फिरतं आणि २००३ मध्ये ते दहा लाख कॅनडियन डॉलरच्या वर गेलं. संग्राहक त्याला कॅनडाच्या नाण्यांचा सम्राट म्हणतात. टांकसाळीने २००१ मध्ये त्याची आठवण म्हणून चांदीचा डॉलर काढला, आणि २०११ मध्ये, शंभरीला, पुन्हा. मुकुट, मेपलच्या पानांची माळ, मध्ये किंमत आणि साल. सालाच्या जागी दोन सालं. माझ्यासारख्या माणसाला ते चित्र हातात धरायला मिळण्याचा दुसरा मार्गच नाही.

त्याचा धाकटा भाऊ म्हणजे १९२१ चे पन्नास सेंट. ते पाडले होते पुष्कळ, पण मागणी नव्हती म्हणून टांकसाळीतच पडून राहिले. १९२९ मध्ये नवी मागणी आली. इतकं जुनं साल कोरं करकरीत बाजारात आलं तर लोकांना खोटं वाटेल, म्हणून टांकसाळीने सगळा साठा वितळवला. आज उरलेत शंभराच्या आत. ऑनलाइन कोणी १९२१ चे पन्नास सेंट स्वस्तात देतो म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा. खोटी नाणी मी म्हणालो होतो ती हीच.

सोनचाफा | मंगळवार, सकाळी १०:००

मला सुरुवात करायची आहे. पहिलं काय घेऊ?

नाणेघाट | मंगळवार, सकाळी १०:४५

पन्नाशीच्या दशकातला झिजलेला व्हॉयेजर डॉलर. चांदीच्या भावापेक्षा थोडाच महाग मिळतो. होडीच्या उजव्या टोकापाशी पाण्याच्या रेघा मोजा. १९५५ च्या काही डॉलरवर त्या अर्धवट आहेत, ठसा जास्त घासल्यामुळे. ऑन्टारिओतल्या आर्नप्रायर गावी ते गेले होते म्हणून त्यांना आर्नप्रायर म्हणतात, आणि ते महाग आहेत. पण ते नंतर. आधी भिंग घ्या, दहा पटीचं.

तोळामासा | गुरुवार, दुपारी ४:३५

मंडळी, सोमवारी वडिलांशी बोललो, ते वरच्या माळ्यावर गेले आणि जुनी डबी घेऊन आले. मोडीत आलेला तो डॉलर त्यांनी आटवलाच नव्हता. १९५२ चा आहे, बराच झिजलेला. वीस वर्षं त्यांनी मला सांगितलं नाही.

आज दुपारी दुकान बंद करून आजोबांचा पितळी तराजू काढला. एका पारड्यात १९१८ चे दोन कलदार, पेटीत राहिलेले, चांगल्या अवस्थेतले. दुसऱ्या पारड्यात डॉलर. काटा रुपयांकडे झुकला, अगदी किंचित. वडिलांनी गुंजांची पुरचुंडी सोडली आणि डॉलरच्या बाजूला एक गुंज टाकली, मग दुसरी. दुसऱ्या गुंजेला काटा मधोमध येऊन थांबला.

वडील म्हणाले, दोन गुंजा हातांनी खाल्ल्या. फोटो काढला आहे, संध्याकाळी टाकतो. गुंजा अजून पारड्यातच आहेत.